नायक चप्पल कुठं काढतो?

दुसऱ्याचं अक्षर लावण्याच्या बाबतीत मी अमरावतीतल्या कुठल्याही औषधवाल्याला हरवीन. डॉक्टरची चिठ्ठी पाच ओळींची असते. मी तीस वर्षं लेखकांच्या वह्या लावल्या.

राजापेठेच्या बाजूला एका जिन्याखाली माझं दुकान होतं. पाटीवर 'मंदा टायपिंग' एवढंच. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. अर्ज, शपथपत्रं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, लग्नपत्रिका, आणि कथा. पोट भरलं ते अर्जांवर आणि प्रबंधांवर; जीव रमला तो कथांमध्ये. मागच्या वर्षी दुकान बंद केलं. आता लोक मोबाइलपुढे बोलतात आणि मोबाइल लिहून घेतो. आमची वऱ्हाडी मात्र त्याला अजून पचत नाही. माझी नणंद त्याच्यापुढे बोलली, 'मले काही नको', तर त्यानं लिहिलं, 'मळे काही नको.' नणंद म्हणाली, "पाह्य वहिनी, दुकान बंद कराची तुले जराशी घाईच झाली."

टायपिस्टचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. कागदावर आहे ते उतरवायचं, त्यात काय? मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ कागदावर माशी चिकटून मेली असेल, तर आपल्या कागदावरही त्याच जागी माशी आली पाहिजे." म्हणजे वाचायचं नाही, नुसतं बघायचं. डोळ्यांनी अक्षर उचलायचं, बोटांनी ठेवायचं. मधे डोकं आणायचं नाही. डोकं आलं की हात अडतो. चांगला टायपिस्ट दिवसभर खुनाची कथा टाईप करतो, आणि घरी कोणी विचारलं, 'मग खून केला कोणी?' तर त्याला सांगता येत नाही. मी तशीच होते.

पण वर्षातून दोन-तीनदा हात आपोआप थांबायचे. कथेतला एखादा माणूस असं काही वागायचा की मी पान उलटून पुढं बघायचे, आता हा काय करतो? चहा निवून जायचा. बाकीच्या कथांमधली माणसं मात्र आली तशी बोटांखालून निघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची नावंही आठवायची नाहीत. असं का होतं, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. ते कळायला अकोल्याचे खोडके सर यावे लागले.

खोडके सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. महिन्यातून एकदा बसनं यायचे. पिशवीत दोन वह्या आणि पोळीभाजीचा डबा. अकोल्यात टायपिंगवाले नव्हते असं नाही, पण तिथल्या तिघांनी सरांच्या अक्षरापुढे हात जोडले होते. सरांचे 'म' आणि 'भ' जुळे भाऊ होते, आणि 'र' कुठं आहे हे अर्थावरून ओळखावं लागे. पण माणूस सोन्यासारखा. टाईप होईस्तोवर समोरच्या बाकड्यावर शांत बसून राहायचे, कधी घाई म्हणून केली नाही.

त्यांचा बारा कथांचा संग्रह निघायचा होता. प्रत्येक कथेत नायकाचं नाव वेगळं, धंदा वेगळा. कधी तलाठी, कधी पैलवान, कधी प्राध्यापक. पण तो दारातून आत आला की 'करारी डोळ्यांचा' असायचाच. उठला तरी करारी डोळ्यांचा, बसला तरी करारी डोळ्यांचा. पानोपानी तेच टाईप करून माझी बोटं कंटाळली. मग मी एक शक्कल काढली. त्या दोन शब्दांऐवजी नुसतं 'कड' टाईप करत जायचं, आणि शेवटी कॉम्प्युटरला एकदाच सांगायचं की जिथं जिथं 'कड' दिसेल तिथं तिथं 'करारी डोळ्यांचा' घाल. काम झटपट झालं. मी पानं छापली आणि न बघताच सरांच्या हातात दिली.

एरवी सर पानं घरी नेऊन वाचायचे. त्या दिवशी बसला वेळ होता, म्हणून तिथंच मोठ्यानं वाचू लागले.

"नायकाने हॉटेलात शिरून एक करारी डोळ्यांचाक चहा मागवला."

सर थांबले. चष्मा पुसला. पुढची ओळ वाचली.

"गोठ्यात करारी डोळ्यांचाब्याची पेंढी पडली होती."

मी उठून उभी राहिले. कडक चहातला 'कड' कॉम्प्युटरनं सोडला नव्हता आणि कडब्यातलाही सोडला नव्हता. पुढं तर नायकानं 'खिडकीकडे' पाहिलं होतं. तिथं काय झालं होतं ते मी इथं लिहीत नाही. शेवटची मात्रा बिचारी अधांतरी लोंबत होती.

"ताई, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

मी खरं काय ते सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती कथांमध्ये आहे हे?"

"अकरा, सर."

"अन् बारावीत?"

"बारावीत नायिका आहे, सर. तिचे डोळे पाणीदार आहेत."

सर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, आणि मग जरा चिडूनच म्हणाले, "मग कसा पाहिजे तुम्हाला माणूस? टाईप करणं सोपं आहे. उभा करून दाखवा एक."

मलाही ते लागलं. मी बोलून गेले, "सर, हा तुमचा तलाठी घरी गेल्यावर चप्पल कुठं काढतो?"

"म्हणजे?"

"दाराबाहेर काढतो, का दाराच्या आत? का बायकोनं दहादा सांगूनही बरोबर मधातच काढतो, अन् मग तीच तिच्या पायात येते? तुम्हाला माहीत असलं तर मला तो दिसन. तुम्हालाच माहीत नाही, तर मी काय पाहू? डोळे काय, सगळ्यांनाच असतात."

सर उठले. वह्या पिशवीत भरल्या आणि गेले. पुढच्या महिन्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चांगलं गिऱ्हाईक आपल्या तोंडानं घालवलं म्हणून मी स्वतःला बोल लावत होते.

तिसऱ्या महिन्यात सर आले. एकच वही, नवी. मी टाईप करायला घेतली. कथेतला माणूस निवृत्त मास्तर होता. त्याला कमी ऐकू येऊ लागलेलं, आणि ते तो सगळ्यांपासून लपवतो. कोणी काही बोललं की मोठ्या रुबाबात मान हलवून 'हो, हो' म्हणतो. असं हो-हो म्हणता म्हणता तो गावच्या एका समितीचा अध्यक्ष होतो, शेजाऱ्याचा मारका बैल आठ दिवस सांभाळायला घेतो, आणि भाचीसाठी ज्या घरचं स्थळ घरातल्या सगळ्यांनी मिळून नाकारलं होतं, त्याच घरी होकार कळवून मोकळा होतो. बैल अंगणात बांधलेला, मास्तरची बायको दाराआड उभी, आणि मास्तर बायकोला सांगतो, "मीच आणला. मले गरज होती." माझे हात थांबले.

"सर, बैलाचं पुढं काय होते?"

सर खिडकीबाहेर पाहत होते. मी पुन्हा विचारलं. ते वळले, मान हलवली आणि म्हणाले, "हो, हो. अकोल्यालाच असते ती आता. जावई बँकेत आहे."

मी बघत राहिले. इतकी वर्षं सर त्या बाकड्यावर इतके शांत का बसून राहायचे, ते मला त्या क्षणी कळलं. मी उठून चहा मागवला आणि त्यांच्यासमोर ठेवला. कपाकडे बघून सर म्हणाले, "चहाचं विचारलं होतं का? मले वाटलं पोरीचं विचारलं."

"बैलाचं विचारलं होतं, सर," मी मोठ्यानं म्हटलं.

मग मात्र आम्ही दोघं इतके हसलो की जिन्यावरून जाणारे लोक वाकून पाहू लागले. हसणं ओसरल्यावर सर म्हणाले, "घरीही सांगितलं नव्हतं मी कोणाला. शेवटी त्या मास्तरलेच देऊन टाकलं. आता बरं वाटते." पुढल्या खेपेला ते कानात यंत्र लावून आले, आणि माझ्या टायपिंगचा आवाज फार कर्कश आहे अशी तक्रार करू लागले.

ती कथा लोकांना इतकी आवडली की सरांना पत्रं आली, आणि पत्रं लिहिणारे बहुतेक जण बैलाची चौकशी करत होते. सरांनी मोठ्या मनानं सगळीकडे सांगितलं की ह्या कथेला धक्का मारला तो मंदाताईंनी. झालं. माझ्या दुकानात टाईप करायला कमी आणि विचारायला जास्त लोक येऊ लागले. "ताई, एवढं वाचून पाहा ना, माणूस जिता आहे का मेला?" परतवाड्याचे एक फर्निचरवाले स्वतःवरच कथा लिहून आले. नायक शांत, संयमी, कोणावर कधी रागावत नाही. त्यांची बायको बाकड्यावर बसून पदरात तोंड घालून हसत होती. मी म्हटलं, "भाऊ, लेखणी वहिनींच्या हातात द्या." त्यांनी खरंच दिली, आणि त्यांच्या शांत स्वभावाची पहिली ओळ ऐकूनच ते दुकानाबाहेर निघून गेले.

मला हे सगळं आवडू लागलं होतं. नुसतं आवडू लागलं असं नाही, डोक्यात गेलं होतं. म्हणून पुढची चूक झाली. ती मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती.

शालिनीबाई वानखडे वलगावच्या. आरोग्य खात्यात नर्स होत्या. नोकरीची बरीच वर्षं मेळघाटात, सेमाडोहकडच्या एका उपकेंद्रात काढलेली. निवृत्त झाल्यावर लिहू लागल्या. अक्षर मोत्यासारखं, बोलणं त्याहून हळू. अकोल्याच्या एका दिवाळी अंकाची कथास्पर्धा होती, तिच्यासाठी त्यांनी 'माउली' नावाची कथा आणली. सासूवर लिहिलेली.

"जयभीम ताई. सासूबाई ऐंशीच्या पुढं गेल्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या डोळ्यांदेखत छापून आली पाहिजे. माझी एवढीच इच्छा आहे."

मी टाईप केली. कथेतली माउली पहाटे उठते, सगळ्यांच्या शेवटी जेवते, सुनेला शिकवते, कोणाला उलटून बोलत नाही. माझा हात एकदाही थांबला नाही.

"शालिनीबाई, ही माउली चप्पल कुठं काढते?"

"ताई, ती माउली आयुष्यभर अनवाणी राबली."

"खरंच?"

त्या जरा घुटमळल्या. "कथेत अनवाणी आहे."

"त्यांचा एखादा हट्ट लिहा, एखादी खोड लिहा."

"सासूबद्दल वाकडं कसं लिहू? चाळीस वर्षांत त्यांच्यापुढं मी आवाज चढवला नाही. जशी आहे तशीच पाठवून द्या."

त्या लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. फाइल माझ्याकडे राहिली. मुदतीला दोन दिवस होते. मी ती पुन्हा वाचली आणि मला राहवेना. एवढी चांगली बाई, एवढं चांगलं अक्षर, आणि कथा अशी निर्जीव जाणार! मी सात-आठ ओळी घातल्या. बाजाराच्या दिवशी ती माउली डॉक्टरकडे जाते असं सांगून निघते, बस स्टँडमागच्या हॉटेलातून गरम भजी घेते, आणि पदराखाली लपवून, भिंतीकडे तोंड करून एकटीच खाते. मला ते फार छान वाटलं. मी कथा पाठवून दिली, आणि शालिनीबाईंना एका शब्दानं सांगितलं नाही.

दीड महिन्यानं पुण्याहून त्यांचा फोन आला.

"ताई, पहिलं बक्षीस आहे म्हणतात. संपादकांचा फोन होता. म्हणाले, भज्यांचा प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आलं." मग हळूच विचारलं, "कोणती भजी, ताई?"

मी सांगितलं.

"ज्या बाईपुढं मी कधी मान वर केली नाही, तिला तुम्ही माझ्या नावानं चोर केलं," त्या तशाच हळू आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा मला कळलं की माशीच्या जागी माशी हा नियम आळशी माणसांसाठी नाही, आगाऊ माणसांसाठी केलेला आहे. लगेच संपादकांना फोन लावला. कथेतल्या अमुक ओळी लेखिकेच्या नाहीत, माझ्या आहेत, त्यांना ठाऊकही नव्हतं, असं सांगितलं. ते रागावले, आणि त्यांचं रागावणं रास्त होतं. कथा स्पर्धेतून काढली. शालिनीबाई परत आल्यावर मी माफी मागायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी काय मागता? वलगावला चला, अन् त्यांना सांगा."

वलगावात त्यांचं घर रस्त्यापासून आत आहे. दाराशी चपलांचे तीन जोड होते, त्यातला एक लालभडक, सोनेरी पट्ट्याचा. अंगणात खाटेवर गयाबाई, म्हणजे त्यांच्या सासूबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शालिनीबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला उभ्या राहिल्या. मी खाली बसून काय काय केलं ते सांगितलं.

"वाच," गयाबाई म्हणाल्या.

मी माझ्याच ओळी वाचल्या. त्या अंगणात त्या भलत्याच लाजिरवाण्या वाटत होत्या.

"भजे?" गयाबाईंनी विचारलं.

"हो, आजी."

"लपवून? पदराखाली? भिताडाकडं तोंड करून?"

"हो."

"काहून? मले कोनाचा भेव होता?" त्यांनी हातातली शेंग टोपलीत आपटली. "भजे खाचे असले तं सर्वायच्या समोर बसून खाल्ले मी, अन् पोरायलेही चारले. एवढी लिचड दिसली का मी तुले?"

चोर म्हटल्याचा राग नव्हता. भित्री म्हटल्याचा होता. मी हात जोडले.

"राहू दे. बाकीचं काय लिवलं, थे वाच."

आता शालिनीबाई वाचू लागल्या, त्यांची मूळ कथा. पहाटे उठणारी, शेवटी जेवणारी, अनवाणी राबणारी माउली. पानभर ऐकून गयाबाईंनी हात वर केला.

"बंद कर वं. हे तं मयतीतलं बोलनं होय. मी मेली का?"

"मामीजी, चांगलंच लिहिलं आहे." आमच्याकडे पुष्कळ घरांत सासूला मामीजी म्हणतात.

"चांगलं लिवलं म्हनूनच तं म्हनतो. लिवाचं असन तं खरं लिव. तुले मी कशी पसंत केली, थे लिव."

"ते बाबांच्या ओळखीनं स्थळ आलं होतं ना."

"आलं! स्थळ का आपल्या पायानं येते?" गयाबाईंनी टोपली बाजूला सारली. "चांदूरच्या बाजारात तुही माय वांगे घेऊन बसे. मी गाडीनं गेली. कोनाले सांगतलं नाही. डोक्यावरून असा पदर ओढला, अन् तुह्या दुकानावर बसली वांगे निवडाले. तू येकटीच होती. मी चांगले चांगले घेतले माह्या पिशवीत, अन् किडके सारले तुह्याकडं. तवा तुनं काय केलं?"

शालिनीबाईंचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"मी... त्या बाईचा हात धरला. अन् पिशवीतले वांगे काढून घेतले."

"अन् काय बोलली?"

"मामीजी, नका ना."

"बोल, बोल. ह्या बाईले आयकू दे."

शालिनीबाई खाली बघत पुटपुटल्या, "'मावशी, चांगले सारे तुमीच नेसान, तं हे किडके मी का माह्या सासूले चारू?'"

गयाबाईंनी मांडीवर थाप मारली. "सासूलेच चारते म्हने! अन् सासूच समोर बसेल!"

मी हसत होते, त्या हसत होत्या, हसताना त्यांना खोकला लागला. शालिनीबाई मात्र दगडासारख्या उभ्या होत्या. पाणी पिऊन गयाबाई म्हणाल्या, "तवाच ठरोलं. माहा पोरगा गाईवानी गरीब. घरात येक तरी तोंडाचं मानूस पायजे होतं. मंग रीतीनं पाहाले आलो, तवा तू मान खाली घालून बसली होती. माह्यं तोंड कुठी पाह्यलं तुनं? अन् लगन होऊन घरात आली, तं तुही जीभ कुठी गेली कोन जाने! 'हो मामीजी, बरं मामीजी.' तुले नर्सचं शिकाले काहून धाडलं? मनलं, दवाखान्यात जाईन तं बोलाले लागन. चाळीस वर्स झाले, मी वाट पाहून राह्यली."

"दवाखान्यात मी सगळ्यांवर ओरडायचे, मामीजी. घरी आले की... मायनं सांगितलं होतं, सासूपुढं आवाज काढायचा नाही."

"तुह्या मायनं सांगतलं, अन् माहं चाळीस वर्साचं नुसकान झालं."

आणि मग ते झालं. शालिनीबाईंच्या डोक्यावरचा पदर घसरला, तो त्यांनी सावरला नाही. त्या खाटेपुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि इतका वेळ जपून बोललेली पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली.

"अन् तुमी काहून नाही सांगतलं मले? चाळीस वर्स! मी इकडं 'हो मामीजी, हो मामीजी' करून करून मान मोडून घेतली, अन् तुमी मनातल्या मनात हासून राह्यल्या? त्या वांग्यावाल्या बाईले मी घरी जाऊन किती शिव्या देल्ल्या होत्या, माहीत आहे का तुमाले?"

आवाज असा की शेजारच्या घरातून दोन डोकी वर आली. गयाबाईंनी डोळे मिटून घेतले, जशी काही कोणी त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला तेल लावत होतं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता आली माही सून."

मी निघाले तेव्हा गयाबाई दारापर्यंत आल्या. ते लालभडक, सोनेरी पट्ट्याचे जोडे मला नातीचे वाटले होते. त्यांनी ते पायात सरकवले आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला निघाल्या.

कथा शालिनीबाईंनी पहिल्या ओळीपासून नवी लिहिली. टाईप करताना माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. माझ्यावर नजर ठेवायला, असं त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि ते मला मान्य होतं. मी एक काना इकडचा तिकडे केला नाही. एका जागी त्यांनीच चुकून 'बाजारत' लिहिलं होतं. मी विचारलं, त्यांनी होकार दिला, तेव्हाच दुरुस्त केलं. पुढच्या दिवाळीला त्याच संपादकांनी ती छापली. स्पर्धेत नव्हती, त्यामुळे बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. हातचं पहिलं बक्षीस माझ्यामुळे गेलं, ही सल मला अजून आहे. शालिनीबाईंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही; गयाबाई अधूनमधून काढतात.

अंक आला तेव्हा मला वलगावला बोलावणं आलं. अंगणात सतरंजी अंथरली होती, आजूबाजूच्या दहा-बारा बाया, भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार. गयाबाई मधोमध खुर्चीवर. शालिनीबाईंनी उभ्यानं, खणखणीत आवाजात कथा वाचली. वांग्याच्या जागी बाया हसल्या, एकीनं तर दुसरीला ढकलूनच दिलं. कथा लग्नापाशी संपते. शालिनीबाईंनी अंक खाली केला.

गयाबाई जराशा पुढे वाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मंग? पुढं काय झालं त्या बुढीचं?"

"संपली ना कथा, मामीजी."

"लगनानं कुठी संपते? मंग थे बुढी सेमाडोहले गेली."

"कोण गेलं?"

"मी गेली, आखीन कोन? परतवाड्याहून गाडी बदलून. घरी सांगतलं, भयनीकडं जातो. तुह्या दवाखान्यात रांगीत बसली होती, पदर ओढून. तू येका मानसाले झापून राह्यली होती, लेकराले टोचाले आनलं नाही म्हनून. काय आवाज होता! झाडावरचे माकडं पयाले."

"अन् मले भेटल्याही नाही?"

"काहून भेटू? मी दिसली असती तं तू गपकन चूप झाली असती. पोटभर आयकून घेतलं, अन् आल्या गाडीनं वापस आली."

शालिनीबाईंनी डोळे पुसले, मग माझ्याकडे हात केला. मी पिशवीतून कोरे कागद आणि पेन काढून दिलं. त्या तिथंच सतरंजीवर बसून लिहू लागल्या, आणि गयाबाई सांगू लागल्या. गाडी कोणती, शेजारी कोण बसलं होतं, त्यानं वाटेत काय खायला दिलं.

"हळू सांगा ना जरा!" शालिनीबाई मान वर करून ओरडल्या. "मी का मशीन होय?"

गयाबाईंना एवढा आनंद झाला की त्या आणखीच वेगानं सांगू लागल्या.